आघाडीवर असलेल्यांची दुखणी

फुटबॉलचा सामना ९० मिनिटांचा असतो, या विधानावर जगात जेवढे एकमत आहे तेवढे दुसऱ्या कोणत्याही असत्य विधानावर क्वचितच असेल. ३१ मार्च १८६६ रोजी लंडन आणि शेफील्ड या दोन शहरांच्या संघांत बॅटरसी पार्क येथे झालेला सामना दुपारी तीन ते साडेचार या वेळेत खेळावा असे आधीच ठरले होते. पुढे १८९७ मध्ये ९० मिनिटांचा हा आकडा नियमावलीत रीतसर दाखल झाला आणि ४५-४५ मिनिटांचा पूर्वार्ध व उत्तरार्ध ही रचना कायम झाली. प्रत्यक्षात मात्र चेंडू खेळात असण्याचा काळ, म्हणजे तो मैदानाच्या रेषांच्या आत असून पंचांनी खेळ थांबवलेला नाही असा काळ, आजच्या व्यावसायिक सामन्यांत साधारणपणे ५५ ते ६० मिनिटांचाच भरतो. उरलेल्या अर्ध्या तासात बावीस धडधाकट माणसे नेमके काय करतात, या प्रश्नाकडे फुटबॉलच्या अभ्यासकांनी म्हणावे तसे लक्ष दिलेले नाही. त्यांनी बचावफळीवर ग्रंथ लिहिले, मध्यरक्षकांच्या हालचालींचे नकाशे काढले. परंतु थ्रो-इन घेण्यासाठी चेंडू हातात धरून उभा राहिलेला, तो शर्टाला पुसणारा, फेकण्याचा आविर्भाव करून थांबणारा आणि अखेरीस तो दुसऱ्याच सहकाऱ्याच्या स्वाधीन करून आपल्या जागी परतणारा बचावपटू हा संशोधनाचा विषय आहे, असे त्यांना वाटले नाही.

या सर्व प्रकाराचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. बास्केटबॉलमध्ये शिट्टी वाजली की घड्याळ थांबते आणि चेंडू खेळात आला की ते पुन्हा सुरू होते. फुटबॉलमध्ये घड्याळ कधीच थांबत नाही. चेंडू प्रेक्षकांत गेलेला असो, खेळाडू स्ट्रेचरवर असो किंवा गोल करणारा वीर शर्ट काढून कोपऱ्यातील झेंड्याकडे धावत सुटलेला असो, काटा आपला पुढे सरकतच राहतो. वाया गेलेला वेळ मनात किंवा मनगटावरील घड्याळात नोंदवून ठेवावा आणि प्रत्येक अर्धाच्या शेवटी तेवढी मिनिटे वाढवून द्यावीत, हे काम नियमावलीने मुख्य पंचांवर सोपवले आहे. या वाढीव मिनिटांना येथे भरपाई वेळ म्हटले आहे. बाद फेरीच्या सामन्यात बरोबरी झाल्यास खेळवला जाणारा ३० मिनिटांचा जादा वेळ हा त्याहून वेगळा, आणि मराठी क्रीडावृत्तांत या दोहोंची सर्रास होणारी सरमिसळ ही अनेक वाचकांच्या डोकेदुखीचे कारण आहे. भरपाई कशाकशाची द्यावी याची यादी नियमावलीच्या सातव्या नियमात आहे. बदली खेळाडू, जखमी खेळाडूची तपासणी, कार्डे दाखवण्याची कारवाई, उन्हाळ्यातील पाणीविश्रांती, व्हिडिओ पंचांकडून होणारी पडताळणी आणि गोलनंतरचा जल्लोष असे सारे मोजून झाल्यावर त्या यादीत वेळकाढूपणाचाही स्वतंत्र उल्लेख येतो. नियम करणाऱ्यांनी हा दुर्गुण नाहीसा होईल अशी आशा न बाळगता त्याला जमाखर्चात एक कायमचे खाते उघडून दिले, हे त्यांच्या व्यवहारज्ञानाचे लक्षण मानावे लागेल.

मैदानावरील भव्य फलकावर दिसणारे घड्याळ निव्वळ लोकांच्या माहितीसाठी असते. खरे घड्याळ एकाच माणसाच्या हाताला बांधलेले असते आणि तो माणूस त्याच वेळी धावत असतो, ऑफसाइडकडे पाहत असतो व दोन्ही बाजूंच्या शिव्या खात असतो. अशा व्यवस्थेत चुका झाल्या याचे आश्चर्य नाही, त्या इतक्या थोड्या झाल्या याचे आहे. १९३० च्या पहिल्याच विश्वचषकात माँटेव्हिडिओ येथे अर्जेंटिना १-० असा पुढे असताना आणि फ्रान्सचा लांजिले गोलकडे मुसंडी मारत असताना ब्राझीलचे पंच अल्मेदा रेगो यांनी ८४ व्या मिनिटालाच सामना संपल्याची शिट्टी फुंकली. चूक ध्यानात आल्यावर कपडे बदलायला गेलेल्या खेळाडूंना परत बोलावून उरलेली मिनिटे खेळवण्यात आली. लांजिलेची ती मुसंडी मात्र परत बोलावता आली नाही आणि निकाल १-० असाच राहिला. १९७८ मध्ये ब्राझील आणि स्वीडन यांच्यात १-१ अशी बरोबरी असताना वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी कॉर्नर किकचा चेंडू हवेत असतानाच सामना संपवला, आणि झिकोने त्याच चेंडूवर डोक्याने केलेला गोल कोणत्याच हिशेबात धरला गेला नाही. थॉमस यांचे घड्याळ कदाचित अचूकही असेल; पण कॉर्नर घेऊ द्यायचा आणि तो पोहोचू द्यायचा नाही हा काटेकोरपणा ब्राझीलच्या लोकांना आजतागायत पटलेला नाही. या परंपरेचा कळस जानेवारी २०२२ मध्ये आफ्रिका चषकात लिंबे येथे झाला. माली आणि ट्युनिशिया यांच्या सामन्यात झांबियाचे पंच जॅनी सिकाझ्वे यांनी आधी ८५ व्या मिनिटाला शिट्टी फुंकली, चूक कळल्यावर खेळ पुन्हा सुरू केला आणि मग ९० मिनिटे पुरी होण्यास काही सेकंद बाकी असताना तो पुन्हा संपवला. अर्ध्या तासाने सामना पुढे चालू करण्याचे फर्मान निघाले तेव्हा मालीचा संघ मैदानात आला, पण पराभवाच्या छायेतील ट्युनिशियाचा संघ आला नाही. उष्माघातामुळे आपले भान हरपले होते असे पंचांनी नंतर सांगितले, आणि कॅमेरूनमधील त्या दिवसाची हवा पाहता त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही.

घड्याळ थांबत नाही आणि ते एकाच्याच हाती आहे, एवढे ठरल्यावर त्याचा फायदा कोण घेणार हे ओघानेच आले. मैदानावरील वेळ ही दोन्ही संघांची सामाईक मिळकत आहे असे कायदा मानतो. व्यवहारात ती आघाडीवर असलेल्या संघाच्या नावे असते आणि पिछाडीवरचा संघ केवळ कूळ असतो. या मिळकतीचा पहिला गाजलेला अपहार पेनल्टीच्या जन्मवर्षीच, म्हणजे १८९१ मध्ये घडला असे इंग्लंडमध्ये सांगितले जाते. स्टोकचा संघ ॲस्टन व्हिलाविरुद्ध एका गोलने मागे असताना त्याला अगदी अखेरच्या क्षणी पेनल्टी मिळाली. व्हिलाच्या गोलरक्षकाने चेंडू उचलला आणि थेट मैदानाच्या भिंतीबाहेर भिरकावला, आणि तो शोधून आणेपर्यंत वेळ संपला. यानंतर पेनल्टी पुरी होईपर्यंत वेळ वाढवून देण्याची तरतूद नियमांत आली. फुटबॉलच्या कायद्याचा पुढील सव्वाशे वर्षांचा इतिहास याच घडणीचा आहे: कोणीतरी एक भोक पाडतो, नियमकर्ते ते बुजवतात आणि बुजवताना शेजारी दुसरे पडते.

या क्षेत्रातील सर्वांत समृद्ध शाखा अर्थातच वैद्यकीय आहे. फुटबॉलपटूच्या दुखण्याचा संबंध हाड, स्नायू किंवा रक्ताभिसरण यांच्याशी जेवढा असतो तेवढाच तो गोलफलकाशीही असतो, हे निरीक्षण करण्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही. ०-१ अशा पिछाडीवर असलेल्या खेळाडूचे हाड लवचीक असते. तो पडतो, उसळून उठतो आणि चेंडूकडे धावतो. १-० अशी आघाडी मिळताच त्याच खेळाडूला त्याच प्रकारचा धक्का लागला तर तो प्रथम हवेत वळतो, मग जमिनीवर तीन कोलांट्या घेतो, चौथ्या कोलांटीच्या आधी पंचांकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहतो आणि त्यानंतर हाताने गवतावर थापा मारू लागतो. प्रतिपक्षाने बरोबरी साधल्यास हा आजार कोणत्याही औषधाविना तत्काळ बरा होतो. डोक्याला मार लागल्यास पंचांनी खेळ ताबडतोब थांबवावा, अशी योग्य आणि माणुसकीची सूचना आल्यापासून तर पोटरीत सुरू झालेल्या वेदना एका क्षणात कपाळापर्यंत चढताना आढळतात. अर्थात या मार्गातील खरे पायनियर त्या सूचनेची वाट पाहत बसले नव्हते. २००२ च्या विश्वचषकात उल्सान येथे तुर्कस्तानविरुद्ध ब्राझील २-१ असा पुढे होता, सामना संपत आला होता आणि रिव्हाल्डो कॉर्नर घेण्यासाठी उभा होता. हाकान उन्सालने रागाने लाथाडलेला चेंडू त्याच्या मांडीवर आदळला आणि तो दोन्ही हातांनी चेहरा झाकून कोसळला. उन्सालला मैदान सोडावे लागले, रिव्हाल्डोला ११,५०० स्विस फ्रँक दंड झाला आणि पुढे ब्राझीलने विश्वचषक जिंकला. यातून कोणता धडा घ्यावा हे तरुण खेळाडूंना कोणी समजावून सांगावे लागले नाही. २०१८ च्या स्पर्धेत नेमारने जमिनीवर घालवलेल्या वेळाची बेरीज एका स्विस वाहिनीने केली तेव्हा ती चार सामन्यांत सुमारे १४ मिनिटे भरली. त्याला खरोखरच पुष्कळ लाथा बसत होत्या हेही येथे नोंदवले पाहिजे. वेळकाढूपणाच्या अभ्यासकाची अडचण हीच आहे की लांडगा आला रे म्हणणाऱ्या मुलाच्या मागे अधूनमधून खरा लांडगाही असतो.

मैदानावर उपचार घेतलेल्या खेळाडूने खेळ सुरू होण्याआधी रेषेबाहेर गेले पाहिजे, असा यावर एक उपाय आहे. काही अपवाद वगळता तो सर्वांना लागू होतो, आणि त्या अपवादांत गोलरक्षक येतो, कारण त्याला बाहेर काढल्यास गोल राखायला कोणी उरणार नाही. परिणामी अलीकडे गोलरक्षक या जमातीची प्रकृती चिंताजनक झाली आहे. प्रतिपक्षाचा जोर वाढला, आपल्या संघाची घडी विस्कटली आणि प्रशिक्षकांना चार शब्द सांगायचे असले, की कोणाचाही स्पर्श नसताना गोलरक्षक मटकन खाली बसतो आणि मांडीचा स्नायू धरतो. वैद्य त्याच्याकडे धावतात आणि त्याच्या संघातील उरलेले दहा जण, सहकाऱ्याच्या प्रकृतीबद्दल जराही कुतूहल न दाखवता, पाणी पिण्याच्या निमित्ताने नेमके उलट दिशेला, प्रशिक्षकांभोवती गोळा होतात. चर्चा संपली की स्नायू मोकळा होतो.

गोलरक्षकाचा वेळेशी असलेला संबंध तसा जुना आहे. सहकाऱ्याने पायाने परत दिलेला चेंडू त्याला हातात घेता येत असे, त्या काळात तो उचलायचा, थोडे चालायचे, शेजारच्या बचावपटूकडे सरकवायचा आणि त्याच्याकडून पुन्हा उचलायचा, हे चक्र आघाडीवरील संघ तासन्‌तास चालवू शकत असे. १९९० च्या विश्वचषकात पालेर्मो येथील आयर्लंड-इजिप्त या ०-० सामन्यात आयरिश गोलरक्षक पॅकी बॉनर याच्या हातात चेंडू एकूण सुमारे सहा मिनिटे होता असे मोजले गेले. त्या सामन्यात इतर कोणत्याच खेळाडूने चेंडूशी इतकी जवळीक साधली नसावी. ती स्पर्धाच इतकी रटाळ झाली की १९९२ मध्ये असा पास हाताने उचलण्यावर बंदी आली. हे मात्र खरोखरच मोठे पाऊल ठरले, कारण त्यातून पायाने खेळू शकणाऱ्या गोलरक्षकांची नवी पिढी घडली; वेळकाढूपणाविरुद्ध केलेल्या नियमांपैकी खेळ सुंदर करणारा बहुधा हा एकच.

त्यानंतर हातातील चेंडू गोलरक्षकाने सहा सेकंदांत सोडावा असा नियम झाला आणि त्याच दिवसापासून तो पाळण्याचे सर्वांनी सोडून दिले. दहा सेकंद झाले, बारा झाले, गोलरक्षक चेंडू छातीशी धरून गवतावर पालथा पडला, आई तान्ह्या बाळाला घेते तसे त्याला कुशीत घेऊन राहिला, तरी पंच फक्त हाताने घाई करण्याची खूण करीत. कारण नियम मोडल्यास गोलच्या अगदी जवळून प्रतिपक्षाला अप्रत्यक्ष फ्री किक द्यावी लागे, म्हणजे दुसऱ्या खेळाडूला स्पर्श झाल्याखेरीज जिच्यावर थेट गोल धरला जात नाही अशी किक. आणि चार सेकंदांच्या आळसासाठी एवढी जबर शिक्षा देण्यास पंचांचे मन धजत नसे. एकदा ते धजले. ६ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकमधील महिलांच्या उपांत्य सामन्यात, ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर कॅनडा ३-२ असा अमेरिकेच्या पुढे होता आणि कर्णधार क्रिस्टिन सिंक्लेअरने तिन्ही गोल केले होते. नॉर्वेच्या पंच क्रिस्टिना पेडरसन यांनी कॅनडाची गोलरक्षक एरिन मॅकलाउड हिला सहा सेकंदांच्या नियमाखाली पकडले. त्या फ्री किकवर चेंडू बचावपटूच्या हाताला लागला, पेनल्टी मिळाली, बरोबरी झाली आणि जादा वेळाच्या अगदी अखेरीस अमेरिका ४-३ अशी जिंकली. नियम पुस्तकात होता आणि तो लागूही झाला होता. तरीही साऱ्या जगाला धक्का बसला, कारण जो नियम कोणी पाळत नाही तो लावणे हा नियमभंगाहून मोठा गुन्हा आहे, अशी फुटबॉलची नीती होती. अखेर फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्डाने २०२५ मध्ये तोडगा काढला. सहा सेकंदांत काम होत नाही म्हणून मुदत वाढवून आठ सेकंद करण्यात आली, शिक्षा सौम्य करून फ्री किकऐवजी कॉर्नर ठरवण्यात आला, आणि शेवटचे पाच सेकंद पंचांनी हात वर करून बोटांवर मोजून दाखवावेत असे ठरले. एखादा कायदा पाळला जावा म्हणून तो ढिला करणे ही युक्ती सरकारी कार्यालयांना परिचित आहे. गंमत एवढीच की येथे ती उपयोगी पडली.

बदली खेळाडूंचे प्रकरण याहून नाट्यमय आहे. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये १९६५ पर्यंत बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. पाय मोडलेला माणूस मैदानाच्या कडेला लंगडत उभा राही किंवा संघ दहा जणांनिशी लढे. २१ ऑगस्ट १९६५ रोजी चार्ल्टन संघाचा गोलरक्षक बोल्टनविरुद्ध जखमी झाल्यावर कीथ पीकॉक मैदानात उतरला, तो तेथील पहिला बदली खेळाडू. विश्वचषकात हा मान ३१ मे १९७० रोजी सोव्हिएत संघाच्या आनातोली पुझाचला मिळाला. जखमी माणसाची सोय म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था डावपेचांचे हत्यार कधी झाली हे कोणालाच कळले नाही. २०२० मध्ये साथीच्या काळात बदलांची मर्यादा तीनवरून पाचवर गेली आणि २०२२ मध्ये तिला कायम रूप मिळाले. मात्र हे पाच बदल पाच वेळा थांबून करता येणार नाहीत, मध्यंतर सोडून जास्तीत जास्त तीनच थांब्यांत ते उरकले पाहिजेत, अशी अट घालताना बोर्डाला आपल्या यजमानांचा स्वभाव पुरता ठाऊक होता.

आघाडीवरील संघाचा बदल ८९ व्या मिनिटाला होतो, हा जवळपास निसर्गनियम आहे. चौथा पंच, म्हणजे रेषेबाहेर उभा राहून बदल आणि भरपाई वेळ यांचे फलक दाखवणारा अधिकारी, विजेचा फलक वर करतो. त्यावर ज्याचा क्रमांक झळकतो तो खेळाडू त्या क्षणी योगायोगाने मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असतो. त्याला आपला क्रमांक प्रथम दिसत नाही. दिसल्यावर पटत नाही. मग तो मोजे सावरतो, कर्णधाराच्या हाताची पट्टी तिसऱ्या सहकाऱ्याच्या दंडावर स्वतः चढवतो, पंचांशी हस्तांदोलन करतो, चारही बाजूंच्या प्रेक्षकांना टाळ्या वाजवून अभिवादन करतो आणि कन्या सासरी निघावी तशा जड पावलांनी निघतो. २०१९ मध्ये बोर्डाने हा निरोपसमारंभ आटोपता घेतला: बाहेर जाणाऱ्याने आता जवळच्या रेषेवरूनच मैदान सोडले पाहिजे. यामुळे खेळाडू मैदानातून लवकर जातो खरा, पण मग रेषेबाहेरून अर्ध्या मैदानाला वळसा घालत तो प्रतिपक्षाच्या प्रेक्षकांसमोरून चालतो, आणि तेथे होणाऱ्या वादावादीत वाचलेला वेळ बहुतेक परत खर्ची पडतो.

बदल हा प्रशिक्षकांचा हक्क आहे असे समजणाऱ्यांनी २४ फेब्रुवारी २०१९ चा इंग्लिश लीग चषकाचा अंतिम सामना आठवावा. मँचेस्टर सिटीविरुद्ध जादा वेळही ०-० असा संपत आला असताना चेल्सीचे प्रशिक्षक मॉरिझिओ सारी यांनी गोलरक्षक केपाला बाहेर बोलावले, बदली गोलरक्षक रेषेवर तयार उभा राहिला, आणि केपाने हात हलवून येण्यास चक्क नकार दिला. खेळाडू बाहेर जाण्यास राजी नसेल तर त्याला बळाने काढण्याची सोय नियमात नाही. सारी संतापून बोगद्याकडे निघाले, परत आले, आणि केपा गोलमध्येच राहिला. चेल्सी पेनल्टींवर हरली. उलट २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई व्हान गाल यांनी कोस्टा रिकाविरुद्ध जादा वेळाच्या अखेरच्या क्षणी केवळ पेनल्टींसाठी टिम क्रूल हा गोलरक्षक उतरवला, त्याने दोन पेनल्टी अडवल्या आणि सारे जग व्हान गाल यांच्या बुद्धीवर लुब्ध झाले. पुढच्याच सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध तिन्ही बदल आधीच वापरून झाल्यामुळे क्रूल बाकावर बसून राहिला, संघ पेनल्टींवर हरला आणि ती बुद्धी लोकांनी परत घेतली. एप्रिल २०२२ मध्ये तर बायर्न म्युनिकने फ्रायबुर्गविरुद्ध बदल करताना फलकावर किंग्सले कोमानचा जुना क्रमांक दाखवला. आपला नसलेला क्रमांक पाहून कोमान जागचा हलला नाही, नवे खेळाडू मात्र आत आले, आणि काही सेकंद बायर्न बारा जणांनिशी खेळली. एरवीही तो संघ प्रतिस्पर्ध्यांना तेवढाच भासतो.

भरपाई वेळ किती, हे सांगणारा फलक वर गेला की त्याच एका आकड्यावर अर्धे मैदान ‘इतकाच?’ म्हणून आणि अर्धे ‘इतका?’ म्हणून ओरडते. हा आकडा किमान असतो, तो वाढू शकतो पण कमी होऊ शकत नाही, ही गोष्ट २६ मे १९९९ रोजी बार्सिलोनात युरोपीय चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्नने लक्षात ठेवली असती तरी फारसा उपयोग झाला नसता. सहाव्या मिनिटापासून पुढे असलेल्या त्या संघावर मँचेस्टर युनायटेडच्या शेरिंगहॅम आणि सोलस्क्येर या दोन बदली खेळाडूंनी भरपाई वेळात दोन गोल चढवले. युरोपीय फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष लेनार्ट योहान्सन चषक प्रदान करण्यासाठी बायर्नच्या आघाडीवर विसंबून लिफ्टने खाली निघाले होते. मैदानावर पोहोचल्यावर विजेते रडताना आणि पराभूत नाचताना पाहून ते गोंधळात पडले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. चोरलेला वेळ इमानेइतबारे परत करण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न २०२२ च्या कतार विश्वचषकात झाला. पंचांचे प्रमुख पिअरलुइजी कोलिना यांच्या आदेशावरून प्रत्येक सेकंदाचा हिशेब सुरू झाला आणि इंग्लंड-इराण सामन्यात दोन्ही अर्धांची भरपाई मिळून सुमारे २७ मिनिटे भरली. इराणच्या गोलरक्षकाला झालेली खरी आणि गंभीर दुखापत हे त्याचे मोठे कारण होते. पण ६-२ अशा फरकाने हरणाऱ्या संघालाही एवढा वेळ नको होता, आणि भरपाईचा वेळही त्याच पद्धतीने वाया घालवता येतो हे जाणकारांनी लवकरच दाखवून दिले.

दोन्ही संघांना वेळ एकाच वेळी नकोसा झाला तर काय होते याचे उत्तर २५ जून १९८२ रोजी स्पेनमधील हिहोन येथे मिळाले. पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाविरुद्ध दहाव्या मिनिटाला गोल केला. या निकालावर दोघेही पुढच्या फेरीत जाणार आणि आदल्या दिवशीच आपले सामने संपवून बसलेला अल्जीरिया बाहेर पडणार, हे कळताच उरलेली ८० मिनिटे चेंडू एकमेकांना विनयाने देण्यात गेली. ऑस्ट्रियाच्या समालोचकाने प्रेक्षकांना दूरचित्रवाणी संच बंद करण्याचा सल्ला दिला. नियम एकही मोडला गेला नव्हता. तेव्हापासून विश्वचषकात गटातील अखेरचे सामने एकाच वेळी खेळवले जातात.

भारतात मात्र या विषयावरील सर्वांत मोठे महाभारत वेळ वाया घालवल्यामुळे नव्हे, तर वाचवल्यामुळे घडले. ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरू येथे इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत, जादा वेळातील ९७ व्या मिनिटाला फ्री किक मिळताच बंगळुरूच्या सुनील छेत्रीने केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहण्याची वाट न पाहता चेंडू गोलमध्ये टाकला. पंचांनी गोल दिला, आणि केरळचे प्रशिक्षक इव्हान व्हुकोमानोविच आपला संघ घेऊन मैदानाबाहेर गेले. सामना बंगळुरूला बहाल झाला, केरळच्या संघाला चार कोटी रुपये दंड झाला आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी आली. फ्री किक रेंगाळत घेणाऱ्याला फार तर पिवळे कार्ड मिळते, हे लक्षात घेतले म्हणजे घाईची किंमत कळते. कोल्हापुरात, जेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि पेठेची अब्रू पणाला लागलेली असते, तेथे भरपाई वेळाचा हिशेब पंचांइतकाच प्रेक्षकांकडेही असतो. आघाडीवरील संघाचा खेळाडू जरा जास्त काळ आडवा राहिला, की त्याच्या दुखण्याबद्दल, त्याच्या तालमीबद्दल आणि घरी जाऊन झोपण्याबद्दल गॅलरीतून जे सल्ले येतात ते कोणत्याही नियमावलीहून परिणामकारक असतात. तरी तेथेही स्वतःच्या पेठेचा खेळाडू पडला तर दुखापत खरीच असते.

या रोगावर औषध सापडलेले नाही असे मात्र नाही. २०१७ मध्ये बोर्डाने चर्चेसाठी काढलेल्या पत्रिकेत ४५ ऐवजी ३० मिनिटांचे दोन भाग ठेवावेत आणि चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबवावे, अशी कल्पना मांडली होती. गणित सरळ होते, कारण ६० मिनिटांहून अधिक खेळ आजही होत नाहीच. घड्याळ थांबले असते तर आडवे पडण्यात काही लाभच उरला नसता आणि गोलरक्षकांच्या प्रकृतीतही झपाट्याने सुधारणा झाली असती. ती कल्पना पत्रिकेतच राहिली. प्रत्येक संघ कधी ना कधी आघाडीवर असतो, आणि आज वेळचोरीविरुद्ध हात उभारून ओरडणारा प्रशिक्षक पुढच्या रविवारी ८९ व्या मिनिटाला स्वतःच फलक मागवतो. तेव्हा ही सवलत रद्द व्हावी असे मनापासून वाटणारा पक्ष मैदानावर कायमचा असा कोणीच नसतो. तसे पाहिले तर हे थांबणारे घड्याळ फुटबॉलच्या घराला परके नाही. फुटसाल या पाच जणांच्या, बंदिस्त सभागृहात खेळल्या जाणाऱ्या धाकट्या फुटबॉलमध्ये २०-२० मिनिटांचे दोन भाग असतात, चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबते आणि वेळ मोजण्यासाठी स्वतंत्र अधिकारी बसलेला असतो. त्या खेळाचा विश्वचषक भरवणारी संस्थाही फुटबॉलचा विश्वचषक भरवणारी फिफाच आहे.